मुलाची सही आणि लष्कराचं कोर्ट

सहल काढायची ठरली की आम्ही शिक्षक सगळ्यात आधी संमतीपत्रं छापून घेतो. खाली पालकांच्या सहीसाठी जागा असते. दरवर्षी एक-दोन पोरं अशी निघतातच की अब्बांची सही स्वतःच ठोकून आणतात. आम्हाला ती लगेच ओळखू येते, कागद परत जातो आणि पोरगा मान खाली घालून बाकावर बसतो. त्याने स्वतःच्या नावाची खरीखुरी सही केली असती तरी ती चालली नसती. बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या सहीवर आपण त्याला महाबळेश्वरलासुद्धा नेत नाही. कारण साधं आहे. कशावर सही करतोय याची पुरती समज त्याला असेल असं आपण धरून चालत नाही, आणि मोठ्या माणसाने डोळे वटारले की मूल कशावरही सही करतं, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतं.

पॅलेस्टाइनच्या वेस्ट बँक भागात मात्र याच वयाच्या मुलाची सही त्याला तुरुंगात पाठवायला पुरते. तीही बऱ्याचदा हिब्रू भाषेतल्या कागदावर, जी त्याला वाचता येत नाही. अरबी आणि हिब्रू दोन्ही उजवीकडून डावीकडे लिहितात खऱ्या, पण अक्षरं सगळी वेगळी. उर्दू शाळेतल्या सातवीच्या मुलापुढे कन्नडमधला कागद ठेवून "कर सही" म्हणावं, तसला प्रकार.

दरवर्षी 5 एप्रिलला पॅलेस्टिनी बालदिन आणि 17 एप्रिलला कैदी दिन येतो. त्या सुमारास आपल्या मोबाइलवर फोटो फिरू लागतात. डोळ्यांवर पट्टी बांधलेला, सैनिकांच्या घोळक्यातला एखादा पोरगा दिसतो. आपण हळहळतो, दुआ करतो, पुढे पाठवतो. पण हा पोरगा तिथून पुढे कुठे जातो, कोणत्या कायद्याने जातो आणि परत येतो तेव्हा काय होऊन येतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. ते नीट समजून घ्यावं म्हणून हा लेख.

एकाच रस्त्यावर दोन कायदे

जून 1967 च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, गाझा आणि पूर्व जेरुसलेम ताब्यात घेतलं. त्याच महिन्यापासून वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी लोकांवर लष्करी कायदा लागू झाला. तिथला लष्करी कमांडर हुकूम काढतो आणि तो हुकूमच कायदा असतो. पोलीस म्हणून पुष्कळदा सैनिकच येतात, सरकारी वकील लष्करी गणवेशात आणि न्यायाधीशही लष्करी गणवेशात. अर्ध्या शतकाहून जास्त काळ हे असंच चाललंय. आज तिथे नातवंडं ज्या कोर्टात उभी राहतात, त्याच कोर्टात त्यांचे आजोबाही उभे राहिले होते.

आता याच जमिनीवर इस्रायलने वसाहती बांधल्या आहेत. पूर्व जेरुसलेम सोडलं तरी जवळपास पाच लाख इस्रायली तिथे राहतात. त्यांच्यावर मात्र लष्करी कायदा चालत नाही, त्यांना इस्रायलचा नागरी कायदा लागू होतो. म्हणजे हेब्रॉनमधल्या एकाच गल्लीत दोन मुलांनी एकमेकांवर दगड मारला, तर पॅलेस्टिनी मुलगा लष्करी कोर्टात जातो आणि इस्रायली मुलगा बालन्यायालयात. दगड तोच, वय तेच, गल्ली तीच.

फरक किती पडतो? इस्रायली कायद्याप्रमाणे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला अटक केली तर 12 तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, त्याहून मोठ्या मुलाला 24 तासांत. पॅलेस्टिनी मुलांसाठी ही मुदत पूर्वी मोठ्या माणसांइतकीच होती. बऱ्याच टीकेनंतर 2013 मध्ये ती कमी केली. तरीही बारा-तेरा वर्षांच्या मुलाला 24 तास, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला 48 तास आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तब्बल 96 तास. चार दिवस. चौकशी करणाऱ्याला या चार दिवसांत काय हवं असतं, ते पुढे येईलच. 2011 पर्यंत तर लष्करी कायदा सोळा वर्षांच्या पॅलेस्टिनी मुलाला प्रौढच धरत होता. शेजारच्या वसाहतीतला मुलगा अठराव्या वर्षी सज्ञान होतो आणि हा सोळाव्या. त्या वर्षी ती मर्यादा अठरावर नेली.

2009 मध्ये इस्रायलने लष्करी बालन्यायालयही सुरू केलं. यूनिसेफने नंतर नोंदवलं की बालकांवर पद्धतशीरपणे लष्करी कोर्टात खटले चालवणारा दुसरा देश आपल्या माहितीत नाही.

न्यायाने बोलायचं तर एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. व्यापलेल्या प्रदेशात लष्करी न्यायालय चालवणं हेच मुळात बेकायदा आहे, असं नाही. 1949 चा चौथा जिनिव्हा करार तशी मुभा देतो. पण त्याच कराराच्या अटी आहेत. कोर्ट व्यापलेल्या प्रदेशातच बसलं पाहिजे आणि कैद्याला त्या प्रदेशाबाहेर नेता येणार नाही. शिवाय इस्रायलने 1991 मध्ये बालहक्क करारावर मान्यतेची मोहोर उमटवली आहे. मुलाला डांबणं हा शेवटचा उपाय आणि तोही कमीत कमी काळासाठी, असं त्याचं 37 वं कलम म्हणतं. हा करार व्यापलेल्या प्रदेशात लागू होत नाही, अशी इस्रायलची भूमिका. तो लागू होतो, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केलं.

मध्यरात्रीपासून सहीपर्यंत

आता मुलाबरोबर काय होतं ते पाहू. यूनिसेफने 2013 मध्ये जो अहवाल काढला, त्यात अटकेपासून शिक्षेपर्यंतचा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने मांडला आहे. आधीच्या दहा वर्षांत सुमारे 7,000 मुलं या वाटेने गेली होती. रोजची सरासरी दोन. बहुतेक सगळे मुलगे, बहुतेकांवर एकच आरोप, दगडफेक.

बऱ्याच अटका मध्यरात्र ते पहाटे पाचच्या दरम्यान होतात. दार जोरात वाजतं, नाहीतर तोडलं जातं. घरातल्या सगळ्यांना एका खोलीत किंवा बाहेर उभं करतात. यादीत ज्याचं नाव आहे त्याला झोपेतून उठवतात. कपडे बदलायला मिळाले तर नशीब. हात प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळतात. या पट्ट्या ओढल्या की आणखी घट्ट होतात आणि सैल करता येत नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधतात. आई-बापाला सोबत जाता येत नाही, आणि कुठे नेताय, का नेताय हे पुष्कळदा सांगितलंही जात नाही. मग लष्करी गाडीतला प्रवास, कित्येकदा गाडीच्या पत्र्यावर बसवून किंवा पालथं पाडून. वाटेत लाथा, थपडा, शिव्या. मध्ये कुठल्यातरी छावणीत तासन् तास थांबवून ठेवायचं, पाणी नाही, शौचाला जाता येत नाही. सकाळी जेव्हा चौकशीच्या खोलीत नेतात तेव्हा मुलगा रात्रभर झोपलेला नसतो, घाबरलेला असतो आणि एकटा असतो.

एकटा हा शब्द महत्त्वाचा. लष्करी कायदा चौकशीच्या वेळी पालक हजर असण्याचा हक्क देत नाही. वकील बहुधा पहिल्यांदा दिसतो तो कोर्टात, म्हणजे कबुली देऊन झाल्यावर. गप्प राहण्याचा हक्क आहे हे मुलाला एकतर सांगत नाहीत, नाहीतर अशा सुरात सांगतात की त्याचा अर्थ त्याच्या डोक्यात शिरत नाही. चौकशी करणारा कधी गोड बोलतो, "सही कर, घरी सोडतो" म्हणतो. कधी बापाला उचलून आणण्याची, घर पाडण्याची, घरच्यांचे कामाचे परवाने रद्द करण्याची धमकी देतो. काही मुलांना या काळात एकांत कोठडीत ठेवतात. मुलांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या 'डिफेन्स फॉर चिल्ड्रन इंटरनॅशनल – पॅलेस्टाइन' या संस्थेने 2016 ते 2019 मधली अशी 108 प्रकरणं नोंदवली, सरासरी दोन आठवड्यांची. खिडकी नसलेली खोली, चोवीस तास दिवा आणि बोलायला फक्त चौकशी करणारा. आमच्या अनुभवात वर्गातला चांगला धट्टाकट्टा पोरगाही मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर अर्धा तास एकटा उभा राहिला की न केलेलं कबूल करतो. इथे तर दोन आठवडे.

आणि फक्त स्वतःची कबुली पुरत नाही. "तुझ्याबरोबर कोण होतं?" हा पुढचा प्रश्न असतो. मुलगा चार नावं घेतो, बहुतेक वर्गमित्रांची किंवा चुलतभावांची. मग पुढच्या आठवड्यात त्या चार दारांवर थाप पडते आणि पुरावा म्हणून पहिल्याचा कागद पुढे येतो. गावातली मुलं एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आमच्या मते या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात खोल जाणारं नुकसान हेच. मार बरा होतो, पण ज्याचं नाव घेतलं त्याच्या शेजारी पुन्हा एका बाकावर कसं बसायचं?

2014 मध्ये लष्कराने एक हुकूम काढला. मुलाची पोलीस चौकशी त्याला समजणाऱ्या भाषेत व्हावी आणि तिचं चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण व्हावं, असा तो हुकूम. वाचून बरं वाटतं. पण त्यात एक अपवाद ठेवला, सुरक्षेशी संबंधित गुन्हे. आणि लष्करी कायद्यात दगडफेक हा सुरक्षेचाच गुन्हा आहे. म्हणजे ज्या मुलांसाठी नियम हवा होता, नेमकी तीच मुलं वगळली गेली. शाळेत आम्ही असा नियम केला असता तर पालकांनी आमची खिल्ली उडवली असती.

गुन्हा कबूल केला की लवकर सुटका

आता कोर्ट. वेस्ट बँकमधली दोन मोठी लष्करी कोर्टं म्हणजे रामल्लाजवळचं ओफर आणि जेनीनजवळचं सालेम. मुलगा तिथे येतो तो पायांत बेड्या घालून, तपकिरी तुरुंगी कपड्यांत. आई-बाप मागच्या बाकांवर. हात लावता येत नाही. कामकाज हिब्रूत चालतं आणि एक सैनिक अरबीत भाषांतर करतो. काही मिनिटांत पुढची तारीख पडते.

कायद्याच्या पुस्तकात माणसावर किंवा मालमत्तेवर दगड मारला तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, चालत्या गाडीवर मारला तर वीस वर्षांपर्यंत. प्रत्यक्षात मुलांना मिळणारी शिक्षा बहुतेक वेळा काही आठवड्यांची किंवा महिन्यांची असते, वर दंड आणि टांगती शिक्षा. खरा पेच वेगळाच आहे. जामीन क्वचितच मिळतो. मुलगा निर्दोष असेल आणि त्याने खटला लढवायचा ठरवलं, तर साक्षीपुरावे होईपर्यंत तो आतच राहणार. गुन्हा कबूल करून सौदा केला तर तीन-चार महिन्यांत घरी. वकील आई-बापाला बाजूला घेऊन हे गणित समजावून सांगतो. सांगा, तुम्ही काय कराल? परीक्षा तोंडावर आहे, आई रडते आहे. घरचे म्हणतात, कबूल कर बेटा आणि बाहेर ये.

म्हणून आकडे असे दिसतात. इस्रायलमधल्याच 'बेत्सेलेम' या मानवी हक्क संस्थेने 2011 मध्ये लष्कराच्याच नोंदी मिळवून हिशेब मांडला. 2005 ते 2010 या सहा वर्षांत दगडफेकीच्या आरोपाखाली 835 पॅलेस्टिनी मुलांवर खटले झाले. त्यांतली 34 मुलं बारा-तेरा वर्षांची होती. निर्दोष सुटला फक्त एक. आठशे पस्तीसमध्ये एक. ज्या परीक्षेत आठशे चौतीस नापास होतात, तिथे आपण मुलांना नाही, परीक्षेलाच तपासतो.

सूरह यूसुफमधला कुर्त्याचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांच्यावर आळ आला तेव्हा कुर्ता पुढून फाटलाय की मागून, हे पाहिलं गेलं. मागून फाटलेला निघाला, म्हणजे ते निर्दोष ठरले. पुढे त्यांना कैदेत टाकलंच, तो जुलूम वेगळा, पण कुर्ता निदान पाहिला तरी गेला. ओफरच्या कोर्टात सौदा झाला की पुरावा तपासायची वेळच येत नाही. दगड कुणी मारला, कुणी पाहिला, त्या वेळी मुलगा कुठे होता, काहीच नाही. कागदावर सही आहे, तेवढं पुरे.

इस्रायलचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. दगडाने माणूस मरतो, हे खोटं नाही. 2011 मध्ये हेब्रॉनजवळ चालत्या गाडीवर दगड लागून गाडी उलटली, एक बाप आणि त्याचं तान्हं मूल दोघेही गेले. त्या मुलाचा काय गुनाह होता? कोणाचंही मूल असो, असा मृत्यू आपल्याला मान्य असू शकत नाही. अशा गुन्ह्याचा तपास झालाच पाहिजे. पण तपास म्हणजे गुन्हेगार शोधणं, गावातली पोरं उचलून त्यांच्याकडून कबुल्या गोळा करणं नव्हे. जुलै 2013 मध्ये हेब्रॉनमध्ये सैनिकांनी दगड मारल्याच्या संशयावरून एका मुलाला पकडून ठेवलं. त्याचं वय पाच वर्षं नऊ महिने. लष्करी कायद्यातही बारा वर्षांखालच्या मुलावर गुन्हा दाखल होत नाही. बेत्सेलेमच्या कार्यकर्त्याने त्याचं चित्रीकरण केलं म्हणून जगाला कळलं.

2011 मध्ये ब्रिटनच्या नऊ नामवंत वकिलांनी तिथे जाऊन पाहणी केली. त्यांत माजी न्यायाधीश सर स्टीफन सेडली होते आणि खर्च ब्रिटिश परराष्ट्र खात्याने दिला होता. एका लष्करी वकिलाने आपल्याला काय सांगितलं ते त्यांनी अहवालात लिहून ठेवलंय, की प्रत्येक पॅलेस्टिनी मूल हे संभाव्य दहशतवादी आहे. शिक्षक म्हणून हे वाक्य वाचलं तेव्हा आम्ही थांबलो. मुलाकडे बघायची नजरच एकदा अशी ठरली, तर मग हुकूम कितीही सुधारा.

आरोपच नाही तर बचाव कसला

निदान आरोप, कोर्ट, सही असं काहीतरी वर सांगितलेल्या मुलांच्या वाट्याला येतं. याशिवाय एक दुसरा दरवाजा आहे, प्रशासकीय स्थानबद्धता. यात आरोपपत्रच नसतं. लष्करी कमांडर सहा महिन्यांपर्यंतचा हुकूम काढतो, मुदत संपली की पुन्हा काढू शकतो, कितीही वेळा. पुरावा गुप्त असतो. मुलालाही दाखवत नाहीत, वकिलालाही नाही.

हे आपल्याला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल. इतिहासाच्या तासाला आम्ही रौलट कायदा शिकवतो, 1919 चा, ना वकील ना दलील ना अपील. तेच राज्यकर्ते पॅलेस्टाइनमध्येही होते. 1945 मध्ये ब्रिटिशांनी तिथे आणीबाणीचे संरक्षण नियम लागू केले आणि विनाखटला स्थानबद्धतेची आजची पद्धत त्यातूनच आली. गंमत म्हणावी की दुर्दैव, त्या काळी हे नियम ज्यूंच्या भूमिगत संघटनांवरही वापरले जात होते आणि तिथल्या ज्यू वकिलांनी त्यांचा जाहीर निषेध केला होता. इंग्रज गेले, हत्यार मागे राहिलं. आपल्याकडेही विनाखटला स्थानबद्ध करणारे कायदे आहेतच, तेव्हा फार ताठ मानेने बोलायची सोय नाही.

ऑक्टोबर 2023 नंतर हा दरवाजा सताड उघडला. त्याआधी इस्रायली तुरुंगांत असलेली पॅलेस्टिनी मुलं दोनशेच्या आत होती. 2025 मध्ये हा आकडा साडेतीनशेच्या आसपास गेला आणि त्यातली एक तृतीयांशाहून जास्त मुलं आरोपाशिवाय स्थानबद्ध होती. नोव्हेंबर 2023 च्या तात्पुरत्या युद्धविरामात इस्रायलने 240 पॅलेस्टिनी कैदी सोडले. ते बहुतेक महिला आणि किशोरवयीन मुलगे होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना कोणत्याही कोर्टाने दोषी ठरवलेलं नव्हतं. गाझातून नेलेल्यांसाठी तर 'बेकायदा लढवय्ये' नावाचा 2002 चा वेगळाच कायदा वापरतात.

तुरुंगांची अवस्थाही बदलली. नातेवाइकांच्या भेटी बंद झाल्या. रेड क्रॉसला आत जाऊ देणं थांबलं, म्हणजे मूल जिवंत आहे की नाही हे पाहून येऊन सांगणारंही कुणी उरलं नाही. जेवण कमी केलं, कपडे-अंथरुणं काढून घेतली, खरजेची साथ पसरली. हे फक्त पॅलेस्टिनी लोक सांगत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये इस्रायलच्याच सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकार या कैद्यांना पुरेसं अन्न देत नाही.

तो निकाल वलीद अहमदसाठी उशिरा आला. रामल्लाजवळच्या सिलवाद गावचा हा सतरा वर्षांचा मुलगा. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस त्याला घरातून नेलं. सहा महिने खटला नाही. 22 मार्च 2025 रोजी मेगिद्दो तुरुंगात तो कोसळला आणि वारला. शवविच्छेदनाच्या वेळी घरच्यांच्या वतीने एक इस्रायली डॉक्टर हजर होते. दीर्घ उपासमारीच्या खुणा, आतड्यांचा दाह आणि खरूज असं त्यांनी नोंदवलं. इस्रायली कोठडीत मरण पावलेला हा पहिला ज्ञात अल्पवयीन पॅलेस्टिनी कैदी. मेगिद्दो इस्रायलच्या हद्दीत आहे, म्हणजे जिनिव्हा कराराप्रमाणे त्याला तिथे न्यायलाच नको होतं.

परत आलेलं मूल

सुटून आलेल्या मुलांशी 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने बोलून 2023 मध्ये अहवाल काढला. दर शंभरात 86 मुलांनी मारहाण झाल्याचं सांगितलं, 69 मुलांनी कपडे काढून झडती घेतल्याचं. पण घरच्यांना आणि शिक्षकांना दिसतं ते वेगळं असतं. मूल रात्री झोपत नाही, दार वाजलं की दचकतं. मोठा मुलगा अंथरूण ओलं करतो आणि शरमेने कुणाशी बोलत नाही. वर्गात बसवलं तर त्याच्याहून लहान मुलांसोबत, कारण वर्ष वाया गेलेलं. काही महिन्यांत तो शाळा सोडतो आणि कामाला लागतो. तुरुंगात शिक्षणाची सोय आधीही जेमतेमच होती, थोडं गणित, थोडी भाषा.

काहींनी त्यातूनही वाट काढली. नबी सालेह गावची अहद तमीमी आपल्याकडेही पुष्कळांना माहीत आहे. डिसेंबर 2017 मध्ये अंगणात आलेल्या सैनिकाला तिने थप्पड मारली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिनेही शेवटी सौदाच केला, आठ महिने कैद आणि 5,000 शेकेल दंड. तिने बारावीची परीक्षा तुरुंगातूनच दिली. त्याच तुरुंगात विनाखटला स्थानबद्ध असलेल्या पॅलेस्टिनी संसद सदस्य खालिदा जर्रार मुलींना शिकवत होत्या. जगाचे कॅमेरे अहदकडे होते. बाकीच्या मुलांकडे नव्हते.

पूर्व जेरुसलेममध्ये आणखी एक प्रकार आहे, नजरकैद. मुलगा तुरुंगात नसतो, घरातच असतो, पण दाराबाहेर पाय टाकायचा नाही, शाळेतही नाही, कधी कधी कित्येक महिने. त्याच्यावर पहारा ठेवायचा आई-बापाने, आणि हुकूम मोडला तर जबाबदार तेच. खिडकीतून मित्र खेळताना दिसतात आणि दाराला कडी लावणारी स्वतःची आई. आई-मुलाच्या नात्याचं यात काय होत असेल, ते आम्ही लिहून सांगायला नको.

यूनिसेफच्या 2013 च्या अहवालाने मुलांशी होणारी ही वागणूक व्यापक, पद्धतशीर आणि व्यवस्थेचाच भाग बनलेली आहे, असं स्पष्ट म्हटलं आणि 38 शिफारशी केल्या. काही कागदी बदल झाले. रात्री उचलण्याऐवजी समन्स पाठवण्याचा प्रयोग 2014 मध्ये सुरू केला, पण रात्रीच्या धाडी काही थांबल्या नाहीत. 2016 मध्ये बेत्सेलेमने जाहीर केलं की लष्कराकडे तक्रारी नेणं आपण आता बंद करतोय, कारण त्यातून न्याय मिळत नाही, फक्त न्यायाचा देखावा टिकतो. ऑक्टोबर 2021 मध्ये इस्रायलने सहा पॅलेस्टिनी संस्थांना दहशतवादी ठरवलं. मुलांची वकिली करणारी, वर उल्लेख केलेली डिफेन्स फॉर चिल्ड्रनची पॅलेस्टाइन शाखा त्यांत होती. अमेरिकेत बेटी मॅकॉलम या खासदार 2017 पासून पुन्हा पुन्हा विधेयक आणत आल्या की आमच्या मदतीचा पैसा मुलांना लष्करी कोठडीत टाकण्यासाठी वापरू नये. ते मंजूर झालेलं नाही.

इथे वाचकांना एक विनंती. या विषयावर खोटे, दुसऱ्याच देशातले, जुने व्हिडिओ फार फिरतात. ते पुढे पाठवू नका. एक खोटा व्हिडिओ उघडा पडला की शंभर खऱ्या साक्षींवरचा विश्वास उडतो. इथे तर लष्कराच्या स्वतःच्या नोंदी आणि इस्रायली कोर्टाचे निकाल हाताशी आहेत. वेगळं काही रचायची गरजच नाही.

अहमद मनासराबद्दल सांगून थांबतो. ऑक्टोबर 2015 मध्ये पूर्व जेरुसलेममध्ये त्याला पकडलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्याच्या पंधरा वर्षांच्या चुलतभावाने दोन इस्रायलींना, त्यांत एक तेरा वर्षांचाच मुलगा, चाकूने जखमी केलं होतं. चुलतभाऊ तिथेच गोळीने मारला गेला. अहमदने स्वतः वार केला नाही, हे कोर्टानेही मानलं. तो जेरुसलेमचा म्हणून त्याचा खटला नागरी कोर्टात चालला, पण चौकशी कशी झाली ते बाहेर आलेल्या चित्रफितीत जगाने पाहिलं. अधिकारी अंगावर ओरडतोय, आणि मुलगा डोकं बडवत, रडत, मला आठवत नाही म्हणतोय. ना बाप, ना वकील. खटला संपेपर्यंत तो चौदा वर्षांचा झाला, म्हणजे तुरुंगात पाठवण्याजोगा. बारा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती साडेनऊ वर्षांवर आली. आत त्याचं मानसिक आरोग्य ढासळलं, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं, तरी त्याला जवळपास दोन वर्षं एकांत कोठडीत ठेवलं.

10 एप्रिल 2025 ला त्याला सोडलं. घरचे तुरुंगाच्या फाटकापाशी वाट बघत उभे होते. त्याला त्या फाटकातून बाहेर आणलंच नाही, दूर कुठेतरी वाळवंटी भागात एकट्याला सोडून दिलं. एका वाटसरूला तो दिसला आणि त्यानेच घरच्यांना फोन केला. तेव्हा अहमद तेवीस वर्षांचा होता.